बन्सीने मानलेले आभार

तिसगावच्या बन्सीला माणसांचं भय. चौघं जमले की त्याच्या घशाला कोरड पडायची. तरी त्याचं कधी काही अडलं नाही, कारण थोरला भाऊ आप्पासाहेब दोघांच्या वाटचं बोलायचा. तलाठ्याशी तोच, सोयऱ्यांशी तोच, एसटीत कंडक्टरशीसुद्धा तोच. बन्सी मागे पिशवी धरून उभा. पन्नाशी अशीच गाठली गड्याने.

मग आप्पासाहेब गेला. दहाव्याला ओढ्याकाठी सगळं गाव जमलं. पुढाऱ्यांनी श्रद्धांजलीची भाषणं ठोकली. त्यातल्या दोघांनी तर आप्पासाहेबाला धड पाहिलंही नव्हतं. शेवटी घरच्यांच्या वतीने आभार मानायला बन्सीचं नाव पुकारलं. त्याने माईक हातात घेतला, समोर बघितलं, माईक खाली ठेवला आणि तडक शेताची वाट धरली. गाव काय गप्प बसतंय? बांधावरून भावाभावांत वाजलं होतं म्हणे! भावजय बनुबाईच्या कानावर ते गेलं आणि तिने बन्सीशी बोलणंच टाकलं. एका अंगणात दोन चुली आणि मध्ये हा अबोला. भावाच्या जाण्याइतकाच तो त्याला लागला.

वर्षश्राद्धाला तरी बोलायचं, असं त्याने मनाशी धरलं. मुलगी स्नेहल नगरला नर्स. तिने त्याला तिथल्या एका मानसोपचाराच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नाझनीन मॅडमनी त्याच्या डोळ्यांवर संगणकातली दृश्यं दाखवणारा जाडजूड चष्मा चढवला, तशी समोर भरलेली सभाच उभी राहिली. बन्सीला घाम फुटला. तरी रीत म्हणून त्याने चपला काढल्या आणि पहिल्या रांगेपासून एकेकाला हात जोडत सुटला.

मॅडमना हसू आवरेना. "काका, ती खरी माणसं नाहीत."

"नसतील. पन मान्सागत बघत्यात."

दर आठवड्याला डेअरीत दूध घालून तो एसटी धरायचा. चष्म्यातली एक बाई पुस्तकी मराठीत विचारायची, "आपल्या बंधूंविषयी काही सांगाल?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. थोडं जमलं की मॅडम माणसं वाढवायच्या. कुणी खोकायचं, कुणी मध्येच उठून जायचं. परतताना बन्सी खिडकीला डोकं टेकून झोपून जायचा. दिवसभर ऊस तोडूनही कधी एवढा शीण आला नव्हता त्याला.

वर्षश्राद्धाचं कीर्तन संपलं आणि बन्सी उभा राहिला. माईक हातात घेतला आणि बोलला. आलेल्यांचे, महाराजांचे, स्वयंपाक करणाऱ्यांचे, सगळ्यांचे आभार मानले. "जसा काही आप्पासाहेबच बोलला," असं लोक म्हणाले.

पंगती उठल्यावर बनुबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. वर्षात पहिल्यांदाच.

"चांगलं बोलता येतंय की, भावजी. मंग दहाव्याला काय झाल्तं?"

एवढ्या कष्टाने शिकलेलं बोलणं बन्सीच्याच अंगावर आलं होतं. काही रचून सांगायचं त्राण आता त्याच्यात उरलं नव्हतं.

"भ्यालो, वैनी. मान्सं लई हुती."

बनुबाईचे डोळे भरून आले.

"व्हय, त्या दिशी मान्सं लई हुती," ती म्हणाली. "पन नंतर वरीसभर घरात मी एकलीच हुते की."