रुमालाखालची बोटं

अंजनगावच्या बैलबाजारात आमचे सौदे रुमालाखाली होतात. विकणारा घेणाऱ्याची बोटं धरतो. जितकी बोटं, तितका भाव. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. बैलांना पाणी पाजायच्या कामावरून मी स्वतः सौदे करण्यापर्यंत वर आलो तो या बोटांच्या जोरावर. साखरेचा आजार बऱ्याच वर्षांचा. डॉक्टरांनी चार गोळ्या लिहिल्या की मी घासाघीस करून दोनवर आणायचो. दुखत काही नव्हतं, मग चार कशाला?

मागच्या उन्हाळ्यात एका बैलजोडीसाठी वलगावच्या व्यापाऱ्याने रुमाल टाकला. चार बोटं धरली असं समजून मी सौदा पक्का केला.

"भाऊ, पाच धरली म्या," तो म्हणाला.

मी त्याला भर बाजारात लबाड म्हटलं. शिव्या देत त्याच्या बापापर्यंत गेलो. तो चिडला नाही. रुमाल बाजूला करून सगळ्यांसमोर त्याने माझ्या करंगळीला चिमटा घेतला.

"समजून राहिलं का काई?"

चिमटा दिसत होता, लागत नव्हता.

"माह्या बापाचं साखरेनं असंच झालं. पायात काटा सडला तरी त्याले कळलं नाई. अंगठा कापा लागला. आधी डॉक्टरले दाखवा, मंग भांडा."

मागे कोणीतरी हसलं. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

अमरावतीला डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि तळपायाला बारीक तार टेकवली. कधी टेकवली ते मला सांगता येईना.

"बोटं पहिल्यासारखी करून द्या, चारही गोळ्या घेतो," मी म्हटलं.

"बोटांचा शब्द देता येत नाही. छातीचं बोला. साखर असली की कधी कधी हार्ट अटॅकही दुखत नाही. तुम्ही दुखायचीच वाट पाहून राहिले ना?"

यावर मला भाव करता आला नाही. आता चारही गोळ्या घेतो. रोज आरशात तळपाय पाहतो. बाजारातला चहा बिनसाखरेचा पितो, तोंड वाकडं करून.

मला आता भाव तोंडी सांगतात. तोंडी भाव सगळे ऐकतात. माझं कसब तिथेच संपलं. व्यापारी खरं बोलला, मान्य. पण बाजूला घेऊन सांगता आलं असतं.

परवा त्याने पुन्हा रुमाल झटकला. "या भाऊ, जोरानं धरतो."

"तोंडानं सांग. कान शाबूत हायत माहे."

त्याने भाव सांगितला. मी निम्म्यापासून सुरुवात केली.