अप्पांच्या अंगणातली दुसरी चूल

लोह्याकडून लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कागदावर झाला होता, लोकांच्या तोंडात अजून उस्मानाबादच होतं. कुणाचं काही काम अडलं की "उस्मानाबादला जावं लागतंय" म्हणायचे आणि मग आपणच हसून "लातूरला, लातूरला" अशी दुरुस्ती करायचे. माझे यजमान शिवणयंत्रावर बसायचे. मी दहावीपर्यंत शिकलेली. गावाला अंगणवाडी मिळाली तेव्हा सरपंचांनी माझ्या सासऱ्यांना विचारलं आणि सासऱ्यांनी मला न विचारताच हो म्हणून टाकलं. मी रागावले नाही. घरात बसून काज-बटणं करण्यापेक्षा लेकरांत बसणं मला कधीही आवडलं असतं.

चावडीच्या मागची एक खोली आम्हाला मिळाली. मदतीला गावातलीच एक वयस्क बाई होती, तिला मी मावशी म्हणायची. ती चूल पेटवायची, मी लेकरांना गाणी शिकवायची, आणि दुपारी सगळ्यांना ओळीनं बसवून उसळ नाही तर सुकडी द्यायचो. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठात गूळ घातलेली पूड. पाणी शिंपडून तिचा लाडू वळता यायचा. लेकरं ती हाताला चिकटलेलीसुद्धा चाटून घ्यायची.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आदल्या वर्षीही तो नावालाच आला होता. विहिरी तळाला गेल्या, बैल देगलूरच्या बाजारात जाऊ लागले आणि गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं सरकारी काम निघालं. बायका तांबडं फुटायच्या आत तिकडं खडी फोडायला जायच्या. अंगणवाडीतली ओळ लांबत गेली. पण ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांची लेकरं त्या ओळीत दिसायची नाहीत. घरात काही शिजो न शिजो, जमीनवाल्यांनी सरकारचं खायचं नाही, असं कुणी न सांगताच ठरलेलं होतं.

अशाच एका घरातली लेक एके दिवशी सकाळी माझ्या दारात आली. गाव तिच्या थोरल्या भावाला अप्पा म्हणायचं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं कमी, आणि रस्त्यात लहान मुलानं हात जोडले तरी त्यालाही हात जोडून "शरणार्थ" म्हणणारा माणूस. त्यांची ही बहीण देगलूरकडं दिलेली. नवरा विहिरीच्या कामावर असताना दरड कोसळून गेला. सासरच्यांनी काही दिवस ठेवून घेतलं आणि मग माहेरी आणून सोडलं. गावातल्या बायका तिला अक्का म्हणायच्या, मीही म्हणू लागले. तीही खडीवर जायची. तिच्या कडेवर तिची मुलगी होती. दोन वर्षांची होऊन गेलेली, पण उभी राहत नव्हती. डोकं मोठं दिसायचं आणि पाय काडीसारखे.

मी मुलीला "ये" म्हटलं तर तिनं वळून पाहिलं नाही. अक्का म्हणाली, "बाई, तिला बा म्हणा. तिच्या घरी कानडीच बोलतेत." मी "बा, बा" म्हणून हात पुढं केले तशी ती माझ्याकडं झुकली. वजनकाट्याच्या झोळीत घातलं तर काटा जेमतेम हलला. असल्या लेकरांना घरी न्यायला जास्तीचा आहार मिळायचा. अक्का दिवसभर खडीवर, मुलगी भावजयीपाशी, म्हणून भावजयीच्या हाती तो द्यायचा असं ठरलं.

पुढच्या महिन्यात वजन केलं, मुलगी तशीच होती. त्याच्या पुढच्या महिन्यात उलट थोडी उतरली. मावशी म्हणाली की भावजय सगळं स्वतःच खात असणार, नणंदेचं लेकरू कुणाला गोड लागतं. हे बोलणं पाणवठ्यावरही चालू झालं होतं. मला ते ऐकून बसवेना. एके दुपारी खोलीला कडी घालून मी अप्पांच्या घरी गेले.

भावजय ओसरीत जेवण वाढत होती. मला पाहून तिनं पदर सावरला आणि बसायला पोतं टाकलं. सहा ताटल्या मांडल्या होत्या. पाच तिच्या लेकरांच्या आणि एक अक्काच्या मुलीची. ज्वारीची पातळ कण्हेरी होती आणि मी दिलेली सगळी सुकडी तिच्यात कालवलेली होती. सगळ्या ताटल्यांत सारखीच. ती स्वतः मात्र कोपऱ्यात भांड्याच्या बुडाला लागलेलं खरवडत होती. तेव्हा माझं लक्ष तिच्या पोटाकडं गेलं. सहावा-सातवा महिना असावा. माझ्याकडं गरोदर बायांना आहार होता, पण ती एकदाही आली नव्हती.

मी हळूच म्हटलं की ही सुकडी फक्त त्या मुलीची आहे.

ती म्हणाली, "हाव, म्हाईत हाय मला. पण बाई, सहा ताटल्या मांडायच्या आन् एकातच वाढायचं, हे कसं करू? तुम्ही करून दाखवा."

मी तिथंच बसले आणि लेकरांची जेवणं होईपर्यंत अक्काच्या मुलीला भरवत राहिले. निघताना तिला म्हटलं, तुमची धाकटी तिघं अंगणवाडीच्या वयाची आहेत, त्यांना पाठवा आणि तुम्हीही या. तिनं अंगणातल्या अप्पांच्या रिकाम्या खाटेकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली.

संध्याकाळी मी यजमानांना घेऊन पुन्हा गेले, कारण अप्पांशी बोलायचं होतं. ते अंगणात खाटेवर बसले होते. लेकरांना पाठवण्याचं काढलं तर ते म्हणाले की सरकारनं ते ज्यांना काहीच नाही त्यांच्यासाठी दिलंय. आपल्याला रान हाय, आज ना उद्या पिकेल, आपण त्यांच्या वाट्याचं खाल्लं तर शिव माफ करणार नाही. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मग मी दुसरी गोष्ट काढली. विधवा आणि लहान लेकरू पदरी असलेल्या बाईला सरकार दर महिन्याला थोडी रोख मदत देत होतं. ती मिळाली तर अक्काला खडीवर जायची गरज उरणार नव्हती आणि मुलीला तिच्या हातचं वेळेवर पोटात गेलं असतं. त्या योजनेचं नाव निराधार. मी तो शब्द उच्चारला आणि अप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

"सूनबाई, मी जिता हाय ना अजून?" एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले.

यजमान वाटेत मला म्हणाले की झालं ते झालं, आता त्या घरात पुन्हा पाऊल टाकू नको. मला वाटलं, आपण भल्या माणसाचा अपमान करून आलो. पण ओसरीच्या दाराआड अक्का उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

ती दोन दिवसांनी कामावरून आल्या आल्या मुलीला उचलून माझ्याकडं आली. पदरात खडीची भुकटी, बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिनं सगळं नीट विचारून घेतलं. अर्ज कुठं द्यायचा, चौकशीला कोण येतं, काय विचारतात. मी सांगितलं की तलाठी घरी येऊन बघतात. भावाच्या चुलीवर जेवत असेल तर आधार आहे असंच लिहितात. ती जरा वेळ मुलीच्या पायावरून हात फिरवत बसली.

"मंग चूल वेगळी करती," म्हणाली.

मी म्हटलं, अप्पांना काय वाटेल? ती म्हणाली, "वाटंल. लई वाटंल. पण तेला समजावायला नंतर वेळ हाय. हिच्यापाशी वेळ न्हाई."

कामाला सुटी होती त्या दिवशी तिनं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, गोठ्याच्या भिंतीला लागून चूल घातली. गोठा रिकामाच होता. प्यायला पाणी नाही तिथं चिखलाला कुठून आणणार, म्हणून भांडी धुतलेलं पाणी भावजयीनं दोन दिवस साठवून ठेवलं होतं. दोघींनी मिळून माती मळली. भावजयीनंच वर शेणाचा हात फिरवला, आपल्या घरातली एक तवली आणि एक तवा तिला दिला. अप्पा रानातून आले, त्यांनी धूर कुठून येतोय ते पाहिलं आणि खाटेवर आडवे झाले. भावजय मला नंतर म्हणाली, त्या दिवशी त्यांचं ताट झाकून ठेवलेलं तसंच राहिलं.

पुढचे कित्येक दिवस बहीण-भाऊ एका अंगणात राहून बोलत नव्हते. गावात ज्याला जे वाटेल ते तो बोलला. कुणी म्हणालं अप्पांनी बहिणीला बाहेर काढलं, कुणी म्हणालं बहिणीला मस्ती आली. अप्पांनी एकालाही उत्तर दिलं नाही. माणूस खंगत चालल्यासारखा दिसायचा.

अर्ज दिला तो आधी कुठं तरी हरवला. नव्या जिल्ह्यात कागदं अजून इकडून तिकडं जात होती. कुणी म्हणे उस्मानाबादला आहे, कुणी म्हणे लातूरच्या गठ्ठ्यात. शेवटी दुसरा अर्ज केला आणि एक दिवस तलाठी आले. मी तिथं होते, कारण अक्कानं मला बोलावून घेतलं होतं. शेजारपाजारचे लोक जमले. तलाठ्यांनी चूल पाहिली, तवली पाहिली, मुलीला पाहिलं. त्यांचंही मन कोरडं नव्हतं, पण विचारायचं ते त्यांना विचारावंच लागणार होतं. ते अप्पांकडं वळून म्हणाले, "अप्पा, पंचांसमोर सांगा. बहिणीला सांभाळणारं कुणी हाय का?"

अक्कानं मान खाली घातली. भावजय दाराच्या चौकटीला धरून उभी. अप्पांनी "न्हाई" म्हणावं असं सगळ्यांना वाटत होतं. एका शब्दाचं काम होतं.

अप्पा म्हणाले, "मी हाय."

तलाठ्यांनी लेखणी थांबवली. अप्पा जमिनीकडं बघत होते. मग त्यांनी बहिणीच्या मुलीकडं पाहिलं, आणि परत बोलले तेव्हा आवाज इतका खाली होता की मागच्यांना ऐकू गेलं नसेल.

"मी हाय. पण माझ्यानं हिचं लेकरू जगवनं व्हईना. तेवढं लिवा."

तलाठ्यांनी काय शब्द लिहिले मला माहीत नाही. अप्पांनी खाली सही केली आणि नेहमीसारखे हात जोडून त्यांना शरणार्थ केलं. तलाठी गेल्यावर अक्का उठली, पाण्याचा तांब्या भरला आणि भावापुढं ठेवला. ते घटाघटा प्यायले. त्या दिवसापासून अबोला सुटला.

पैसे यायला पुष्कळ दिवस लागले. पोस्टमन सायकलवरून आला तेव्हा अक्का खडीवर होती. तिला बोलवायला माणूस गेला, ती तशीच धुळीनं माखलेली पळत आली आणि अंगठा उठवला. त्या पैशातून तिनं शेंगदाणे आणि गूळ आणला आणि शेजारच्या गावातल्या एका घरी दुधाचा रतीब लावला. दुसरा हप्ता आला तसं तिनं खडीवर जाणं बंद केलं. सकाळी ती मुलीला घेऊन अंगणवाडीत येऊन बसायची आणि मी "घरी न्या" म्हणायच्या आत तिथंच थोडं थोडं भरवायची. भावजयही येऊ लागली. आधी ती एकटीच यायची, मागच्या दारानं. मग धाकट्या तिघांना घेऊन पुढच्या दारानं यायला लागली. अप्पांनी पाठवलं का, हे मी विचारलं नाही. ते स्वतः मात्र चावडीच्या त्या बाजूला कधी फिरकले नाहीत.

भावजय नीट बाळंत झाली. अक्काची मुलगी पुढच्या हिवाळ्यात भिंतीला धरून उभी राहिली. चालायला तिला आणखी वेळ लागला, आणि पहिली काही पावलं तिनं मावशीच्या दिशेनं टाकली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. भावजयीबद्दल आपण काय काय बोललो होतो ते तिनं पुन्हा कधी काढलं नाही.

मग पाऊस झाला आणि रान पिकलं. ज्वारी घरात आली तशी अप्पांनी बहिणीला बोलावून सांगितलं की आता ती चूल मोड, एका ठिकाणी जेवू. सगळ्यांना वाटलं ती लगेच हो म्हणेल. तिनं एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणाली. भावाचं काही चुकलं म्हणून नव्हे. तिनं मला सांगितलं ते एवढंच, की आपल्या चुलीवर आपण शिजवलं की किती शिजवायचं ते आपल्याला ठरवता येतं. हे तिला पहिल्यांदाच मिळालं होतं आणि ते सोडवत नव्हतं.

अप्पांना हे पचायला वेळ लागला. पण त्यांनी जबरदस्ती केली नाही. ज्वारीचं एक पोतं त्यांनी तिच्या चुलीशी नेऊन टेकवलं आणि तिनं ते घेतलं. तिनं त्यांना जेवायला बोलावलं तेव्हा मी अंगणवाडीचं काही सांगायला म्हणून तिथंच आले होते. अप्पा अंगण ओलांडून आले, परक्या घरी पाहुणे जातात तसे आधी पाय धुतले आणि पाटावर बसले. तिनं भाकरी वाढली, वरून दाण्याची चटणी. मुलगी त्यांच्या मांडीला रेलून उभी होती. त्यांनी पहिला घास मोडला, तो तिच्या तोंडाशी नेला आणि तिनं तोंड उघडेपर्यंत तसाच हात धरून थांबले.