रशीदभाईंनी जिवंत ठेवलेला नावाडी

आमचे शिंदेकाका फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

कासारवाडीहून चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये रशीदभाई आम्हाला कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायचे. निर्जन बेट, माणसं खाणारे खेकडे, अडकलेले खलाशी. पुस्तकाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, ही त्यांची अट.

त्यातला म्हातारा नावाडी शिंदेकाकांचा लाडका. "भाई, त्याला मारू नका राव," असं ते सुरुवातीलाच म्हणाले होते. रशीदभाई नुसते हसले होते.

गेल्या आठवड्यात रशीदभाई हार्टअटॅकने गेले. शेवटचं प्रकरण राहिलं. आज सकाळी त्यांची मुलगी बसथांब्यावर आली आणि पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाली, "अब्बांचं राहिलेलं तुम्ही वाचा."

बस सुटली. मी शेवटचं प्रकरण उघडलं, तर त्यात नावाडी कुठेच नाही. मागची पानं चाळली. तिसऱ्या प्रकरणातच खेकड्यांनी त्याला खाल्लं होतं. त्यानंतरच्या त्याच्या बिड्या, त्याचे विनोद, सगळं रशीदभाई पुस्तकात बघून मनाने सांगत होते.

"वाच की. नावाडी कुठवर आला?" काकांनी विचारलं.

"होडीत बसलाय, काका," एवढंच बोललो आणि पुस्तक मिटलं.

उद्या काय वाचू, सांगा. मला रशीदभाईंसारखं वाचता येत नाही.