फक्त फॅमिलीसाठी

जुईनगरला आमच्या सोसायटीमागे एका काकांची भाड्याच्या खोल्यांची चाळ आहे. संध्याकाळी ते फाटकात खुर्ची टाकून बसतात. खोली बघायला कुणी आलं की आधी पाणी देतात, मग चावी काढतात. एकटी मुलगी आली तर पाणी देतात आणि भिंतीवर रंगवलेल्या 'फक्त फॅमिलीसाठी'कडे बोट दाखवतात.

माझी मुलगी शिकायला व्हिएन्नाला गेली आणि तिला परवडणारी खोली मिळेना. काका मला रोज अडवायचे. "पोरीला रूम गावली का?" मी नाही म्हटलं की खुर्चीत चुळबुळायचे. एकदा म्हणाले, "एकटी हाय म्हनून देत नसतील." मी त्या भिंतीकडे बघायचं टाळलं.

परवा तिथल्या एका म्हातारीने मुलीला घरातली मागची खोली दिली, तीही बेताच्या भाड्यात. मी सुटल्यासारखी धावत सांगायला गेले.

"लगीन झालंय का, इचारलं नाय?"

"नाही. थंडी सोसेल ना, एवढंच विचारलं."

काका खुर्ची उचलून आत गेले.

आज मी दूध आणायला निघाले, तर काका चुन्याचा ब्रश घेऊन भिंतीवरची अक्षरं झाकत होते. मागे न बघताच म्हणाले, "वरची खोली रिकामी हाय. कोनाची पोरगी असंल तर पाठव."