हर्कला त्यांनी खुर्चीवर बसवलं

शाळेतून आलेल्या नातवाने दप्तर सोफ्यावर टाकलं आणि म्हणाला, "आजी, वॉचमन अंकल डाइड." जेवायला काय आहे तेही त्याच सुरात विचारलं. मी चपला घालून खाली गेले. लॉबीत हर्कबहादूरच्या जागी दुसराच माणूस बसला होता, तोही नेपाळीच. म्हणाला, हर्कदाई, म्हणजे हर्कदादा, कंपनीच्या खोलीत झोपले ते उठलेच नाहीत. कागदावर हृदय बंद पडलं असं लिहून आलं. इकडे राबायला आलेल्या पुष्कळांचं तसंच लिहून येतं... मग पुढे कुणी काही विचारत नाही. याला आता वर्ष होईल.

शारजात, अल नहदातल्या आमच्या इमारतीत तो बरीच वर्षं पहारेकरी होता. त्याआधी अबू धाबीजवळ मुसफ्फातल्या कारखान्यात लोखंड कापायचा. मुलगा-सून कामावर गेले की मी दुपारची लॉबीत जाऊन बसायची. तो मला आमा म्हणायचा, म्हणजे आई. बोलणं हिंदीतून, दोघांचीही मोडकी. पण हर्क मुळात नट होता. त्यांच्या डोंगरातल्या गावात तिहारला, म्हणजे आपल्या दिवाळीत, शाळेच्या पटांगणावर फळ्या टाकून नाटक होतं आणि त्यात म्हातारीचं काम याचंच ठरलेलं. नाटकावर चूल पेटत नाही आणि गावात दुसरा धंदा नाही, म्हणून इकडे आला. एकदा त्याने माझीच नक्कल केली. सामान आणणाऱ्याला मी कोथिंबिरीवरून कशी झापते ती.

"मी अशी चालते?"

"अशीच, आमा. गुडघा तर मी कमीच दुखवला."

"मेल्या, नोकरी जाईल तुझी."

राग आला होता मला. पण नक्कल चोख होती.

पुढे त्याला सुट्टी मिळाली ती नेमकी तिहारला. यंदा म्हातारी मीच करणार, आणि ती तुमच्यासारखी करणार, म्हणाला. माझं एक जुनं सुती पातळ मागून घेतलं. कसं नेसायचं ते मी त्याच्या युनिफॉर्मवरूनच नेसवून दाखवलं. चौथ्या मजल्यावरची बाई लिफ्टमधून बाहेर आली, आम्हांला बघून परत आत गेली. सुट्टी संपवून आला तेव्हा त्याने पातळ माझ्या हातात दिलं. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"क्या हुआ?"

"चीफ गेस्ट बना दिया, आमा."

मग सगळं सांगितलं. तो पोचला त्याच दिवशी नाटकमंडळाचा अध्यक्ष घरी आला. तू आता विदेशातला माणूस, तुझी जागा पुढच्या रांगेत, म्हणाला. हर्क म्हणाला, मला काम द्या. तेव्हा बायकोने त्याला आत बोलावलं. मुलीचं लग्न बोलण्यात होतं आणि मुलाकडची माणसं नाटकाला येणार होती. तोंडाला रंग फासून साडीत नाचलात तर लोक म्हणतील दुबईची नोकरी सुटली, मग आपली मुलगी कोण करून घेईल... तिचंही खोटं नव्हतं. माणूस बाहेर काय काम करतो ते तिकडे कुणी विचारत नाही, परत येऊन कुठे बसतो ते बघतात. हर्क झेंडूची माळ घालून खुर्चीवर बसला. देणगी दिली. म्हातारी शाळेतल्या मास्तराने केली, वाईट केली. देणग्या जाहीर करायला तिथे चालू नाटक थांबवतात. हर्कचं नाव पुकारलं तेव्हा नाटकातला बाप नुकताच मेला होता.

"मेलेला पडल्या पडल्या टाळ्या वाजवत होता, आमा," म्हणाला आणि तेही करून दाखवलं. मी हसले. तो हसला नाही. "पुढच्या वेळी मुलीचं लग्न झालेलं असेल. मग बघू कोण अडवतं."

नेपाळ्यांना एकट्यांना नावं ठेवत नाही मी. माझा मुलगा कोकणात आमच्या दशावतारात मृदंग वाजवायचा. आता गेला की त्याला नारळ आणि खुर्ची देतात, मृदंग कुणी देत नाही. त्याला ते आवडतं. हर्कला आवडलं नाही, एवढाच फरक.

मुलीचं लग्न झालं. पुढच्या वेळी हर्क गेला तो पेटीतून.

काही महिन्यांनी लॉबीतल्या नव्या माणसाच्या फोनवर हर्कच्या बायकोचा फोन आला. आमाला द्या म्हणाली. कंपनीकडून भरपाई मिळाल्याचं कळताच अध्यक्ष दारात आला होता. हर्कच्या नावाने पक्का रंगमंच बांधायचा, त्या पैशांतून वाटा द्या, म्हणाला. क्या करूं, आमा? मी म्हटलं, एक पैसा देऊ नकोस, धाकट्या मुलाच्या शिक्षणाला ठेव. ती म्हणाली, "नहीं दूंगी तो लोग बोलेंगे, दुबईवाले का घर खतम हो गया."

तिने दिले.

परवा त्याच फोनवर रंगमंचाचा फोटो आला. नेपाळी अक्षरं आपलीच, माझं चौथीपर्यंतचं वाचन पुरलं. दगडावर लिहिलं होतं: स्वर्गीय हर्कबहादुर, यूएई निवासी, समाजसेवी, दाता. मी त्या माणसाला म्हटलं, कलाकार असं कुठे लिहिलंय का बघ. त्याने फोटो बोटांनी मोठा केला आणि खालपर्यंत सरकवत नेला. खाली अध्यक्षाचं नाव होतं.