शुक्रवारच्या बैठकीत माझा विषय

नातीची शाळा दौलताबाद रस्त्याला आहे. तिथं गणवेश नाय, परीक्षा नाय. काय शिकायचं ते पोरं ठरवतात, आणि शाळेचे नियम शुक्रवारच्या बैठकीत ठरतात. पाच वर्षांच्या पोराचं एक मत, शिकवणाऱ्या ताईंचंही एकच. मी चौथीपर्यंत शिकलो, पुढं वाळूजला कंपनीत वेल्डिंग करण्यात जिंदगी गेली. मला हा पोरखेळ वाटायचा. आज त्या पोरांचे माझ्यावर लई उपकार आहेत.

बायको गेल्यावर नातीला सोडायचं काम माझ्याकडं आलं. सोडून परत आलो की घर खायला उठायचं. म्हणून शाळा सुटेपर्यंत तिथंच चिंचेखाली बसायला लागलो.

एका शुक्रवारी नात म्हणाली, "आबा, आज बैठकीत तुमचा विषय आहे. तक्रार आलीय."

सगळे सतरंजीवर गोल बसले होते. अध्यक्ष दहा-अकरा वर्षांची पोरगी. तक्रार दोन वेण्यांच्या एका पोरीची. ती माझ्या तोंडावर म्हणाली, "आम्ही झाडावर चढलो की आजोबा ओरडतात. पोरीच्या जातीनं चढू नये म्हणतात. मुलांना काहीच म्हणत नाहीत."

"अगं, हात मोडला म्हणजे..." मी सुरूच झालो.

"आजोबा, आधी हात वर करा," अध्यक्ष म्हणाली. "नंबर आला की बोला."

पोरं हसली. गावच्या ग्रामसभेत म्हाताऱ्याला आधी बोलू देतात. इथं माझ्या पुढं तिघं होते. हात वर केला. नंबर आला तोवर राग उतरला होता.

अध्यक्षानं विचारलं, "तुम्ही घरी का जात नाही?"

"पोरगा-सून कामाला जातात, दिवसा घरी कोण नाय. म्हातारी होती, ती गेली."

कुणी अरेरे केलं नाय. ती म्हणाली, "मग तुम्हाला काय पाहिजे?"

म्हातारी गेल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या साड्या कुणाला द्यायच्या, मी कोणत्या खोलीत झोपायचं, सगळं पोरानं आणि सुनेनं ठरवलं. चांगल्या मनानं ठरवलं, पण त्यांनीच ठरवलं.

"मला इथं बसायचंय," मी म्हणालो.

"बसायचं तर ओरडायचं नाही," वेण्यावाली म्हणाली.

"प्रयत्न करतो."

"प्रयत्न नाही. नक्की सांगा."

म्हातारी अशीच बोलायची. मला हसू आलं. "बरं बाई, नाय ओरडणार. पण फांदी वाळलेली दिसली तर?"

"तर सांगा. मुलांनाही सांगा."

मग मला बसू द्यायचं का, यावर मतं घेतली. हात वर झाले. "आजोबा, तुमचंही मत आहे," असं अध्यक्ष म्हणल्यावर मीही हात वर केला. लई हात होते. वेण्यावालीचा नव्हता.

बैठक उठल्यावर ती माझ्याकडं आली. "मी विरोधात होते."

"बघितलं मी."

"पण आता ठरलंय," ती म्हणाली. "सोमवारी या."