जाधवकाकूंना खुर्चीत बसवताना

मंगळवार, २ डिसेंबर. सकाळी धुकं, दहानंतर चांगलं ऊन. वारा नाही.

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. दिवसभर माणसांना उठवायचं, बसवायचं, कुशीवर वळवायचं. आणि माणूस म्हणजे काही गव्हाचं पोतं नव्हे, की गप्प पडून राहील. तो बोलतो, घाबरतो, ऐन वेळी मत बदलतो. अन्नपूर्णा भागातल्या आमच्या वृद्धाश्रमात गेल्या दोन महिन्यांत जे साचलं, ते जवळजवळ सगळं एकट्या जाधवकाकूंमुळे.

काकूंचं अंग भारी आणि जीभ त्याहून भारी. स्वतःच्या स्वयंपाकघरात पडल्या, हाड मोडलं, मग जुळलं. डॉक्टरांनी उभं राहायची परवानगीही दिली. पण काकू पलंग सोडेनात. शेवटी आमचे मॅनेजर सोनीजी म्हणाले, दोन माणसांच्या मदतीने काकू खुर्चीत बसल्या तर खालीच राहतील, नाहीतर वरच्या मजल्यावर हलवू. वर कायम झोपून असलेली माणसं असतात. खाली व्हरांडा आहे, पत्ते आहेत, भांडायला चार जणी आहेत. काकूंना वर जायचं नव्हतं.

*

पहिला प्रयत्न कमलेशचा. हा माझा सोबती, रोज व्यायामशाळेत जाणारा. मला म्हणाला, "वंदनाताई, तुम्ही बाजूला व्हा. अपन अकेले काफी हैं."

काखेत हात घालून माणूस उचलू नये, हे आम्हाला सगळ्यांना सांगितलेलं आहे. पण कमलेशचा विश्वास कानांपेक्षा दंडांवर जास्त. त्याने काकूंच्या काखेत हात घातले आणि ओढलं. काकू घाबरल्या आणि दोन्ही हातांनी त्याच्या मानेला मिठी मारून लटकल्या. काकू वर आल्याच नाहीत, कमलेश खाली आला.

पुढचे काही दिवस त्याची मान वळत नव्हती. उजवीकडे बघायचं तर अख्खा कमलेश वळायचा. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "मला हलवायला दोन माणसं लागतात म्हणे. याला नुसतं वळवायला दोन लागतायत."

*

काकूंच्या भाच्याचं सियागंजात किराण्याचं ठोक दुकान आहे. त्याला हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी तो दुकानातले दोन हम्माल घेऊन हजर. दिवसभर साखरेची पोती पाठीवर वाहणारी माणसं. दोघांनी पलंगाभोवती एक चक्कर मारली. मग मोठा गमछ्याला हात पुसत हळूच मला म्हणाला, "दीदी, बोरी के तो कान होते हैं पकड़ने को. माताजी को किधर से पकड़ें?"

काकूंनी ऐकलं. "कान मलाही आहेत. हात लावून तर बघ."

हम्माल चहा पिऊन परत गेले. जाताना धाकट्याने विचारलं, तुम्ही हे रोज करता का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, "हमारी बोरी अच्छी. डरती नहीं."

*

काकू पलंगावर खाली घसरल्या की अंगाखालच्या चादरीसकट त्यांना उशीकडे सरकवायचं असतं. दोन्ही बाजूंनी एकदम जोर लागला पाहिजे. माझे वडील महूला फौजेत होते. आमच्या घरी कपाट सरकवायचं असलं तरी जोर "तीन"वरच लागायचा. कमलेशचं वेगळं. त्याचे तीन झाले की तो "जय महाकाल" म्हणतो, आणि मग जोर लावतो.

परिणाम असा की काकूंची माझ्याकडची बाजू उशीला पोचली आणि त्याच्याकडची जागीच राहिली. पलंगावर तिरप्या पडून छताकडे बघत काकू म्हणाल्या, "राहू दे असंच. मॅनेजर आला की सांगा, अर्ध्या हलल्या."

मग ठरलं की आकडे काकूच म्हणतील. जेवणाची वेळ झाली होती. आम्ही गुडघे वाकवले, चादर घट्ट धरली. "एक," काकू म्हणाल्या. "दोन." मग थांबल्या. "वंदना, आज भाजी कसली आहे?"

मी म्हटलं, गिलक्याची.

"मग राहू दे."

*

शेवटी सोनीजींनी डॉक्टर पूर्वाला बोलावलं. ही तरुण फिजिओथेरपिस्ट. तिने पहिल्या दिवशीच सांगितलं की उचलायचं नाहीच. काकूंना उठू द्यायचं, आपण सोबत राहायचं. आधी चाकांच्या खुर्चीचा ब्रेक लावायचा. काकूंचे पाय मागे घ्यायचे, अंग पुढे झुकवायचं, म्हणजे माणूस आपल्याच वजनाने उठतो. आमच्यासाठीही धडे होते. कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे, वजन अंगाजवळ धरायचं, उचलताना कमरेला पीळ द्यायचा नाही. कमलेश व्हरांड्यात बादली उचलून सराव करायचा. काकू भिंतीकडे तोंड करून पडायच्या. "शिकवणी तुमची आहे, मला कशाला?"

पलंगाच्या कडेला बसेपर्यंत सगळं ठीक जायचं. "पुढे झुका" म्हटलं की काकू मागे जायच्या. रोज हेच.

एकदा मी त्यांची वेणी घालत होते. आपणहून म्हणाल्या, "पुढे वाकलं ना, की ती फरशी दिसते गं."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या समोर, फरशी झाकली जाईल अशी, स्टूल घेऊन बसायला लागले. काकू चार बोटं पुढे आल्या. त्याहून पुढे नाही.

*

आज सोनीजी स्वतः बघायला आले. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती. कमरेला धरायचा पट्टा बांधला, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कमलेश, जवळ डॉक्टर पूर्वा. पहिल्यांदा काकू मागे गेल्या. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यांनी पलंगाची कडच धरून ठेवली.

सोनीजी समजुतीने म्हणाले, "काकूजी, धूप तो ऊपर भी आती है."

खुर्ची जरा लांब आहे असं सोनीजींना वाटलं असावं. खुर्चीशेजारी पाण्याचा भरलेला मोठा कॅन आडवा येत होता. तो सरकवायला ते स्वतःच पुढे झाले. पाय काठीसारखे ताठ, हात लांब, आणि कमरेतून पार दुमडलेले.

"अहो, गुडघे!" काकू ओरडल्या. "गुडघे वाकवा. कॅन पोटाशी घ्या आधी. आणि पीळ देऊ नका, कंबर जाईल—"

त्यांना अडवायला काकूंचा हात पुढे गेला. हातामागून खांदा गेला, खांद्यामागून सगळ्या काकू. आम्ही पट्ट्याला नुसता हात लावून होतो. ओढत कोणीच नव्हतं. काकू उभ्या होत्या.

"आता हळूच वळू द्या," डॉक्टर पूर्वा म्हणाली. काकू दोन पावलं वळल्या, खुर्चीची कड पायाला लागली तशा खाली बसल्या.

सोनीजी अजून वाकलेलेच होते.

"साहब?" कमलेशने विचारलं.

"कोई हाथ मत लगाना," सोनीजी जमिनीकडे बघत म्हणाले.

आम्ही गुडघे वाकवून, दोन्ही बाजूंनी, आकडे मोजून त्यांना आडवं केलं. आकडे काकूंनी म्हटले.

जाधवकाकू खालच्या मजल्यावर राहिल्या. सोनीजी दुपारी दोनपर्यंत काकूंच्या पलंगावर होते. नंतर तीन दिवसांच्या रजेवर गेले.